भंडाऱ्याचे चौकोन: एका लक्ष्मीयात्रेच्या टेपचं प्रकरण

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या गावांत महालक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते. गावागणिक दहा, बारा, पंचवीस वर्षांचं अंतर असतं, कुठे त्याहूनही जास्त. त्यामुळे मागच्या यात्रेचं चित्रीकरण ज्याच्या घरात आहे त्याला पुढची यात्रा ठरली की एकदम भाव येतो. रथ कुठल्या गल्लीतून वळवला होता, गदगा, म्हणजे देवीची बैठक, नेमका कुठे घातला होता, पहिली ओटी कुणाची, अशा गोष्टींवरून बैठकीत आवाज चढतात आणि मग कोणीतरी म्हणतं, "त्यांच्याकडं क्यासेट हाय की, लावून बघूया."

या प्रकरणातलं कुटुंब अशाच एका गावचं. काकांनी वीसेक वर्षांपूर्वी हँडीकॅमवर यात्रा काढली होती. नवी यात्रा ठरल्यावर त्यांच्या पुतण्याने त्यातला सहा मिनिटांचा तुकडा यूट्यूबवर चढवला. गावाने पाहिला, पुण्या-मुंबईकडच्या आणि गोव्यातल्या गाववाल्यांनी पाहिला, आणि तक्रार सगळ्यांची एकच. मी जुन्या टेपांचं काम करतो म्हणून काका माझ्याकडे आले. त्यांनी ती तक्रार नेमकी मांडली: "भंडारा उधळलाय की पिवळे चौकोन उडवलेत, कळंना झालंय बघा."

तक्रारीतच अर्धं निदान होतं. व्हिडिओ दाबून लहान करताना मागच्या फ्रेममधलं काय काय पुढच्या फ्रेममध्ये जसंच्या तसं किंवा थोडं सरकून आलंय, हे शोधलं जातं आणि तेवढं पुन्हा साठवायचं टाळलं जातं. देवळाची भिंत, मांडवाचं कापड, शांत उभी माणसं यांच्या बाबतीत ही युक्ती उत्तम चालते. उधळलेल्या भंडाऱ्याचा कण न् कण दर फ्रेमला नव्या जागी असतो. मागचं काहीच उपयोगी पडत नाही, हाताशी असलेले बिट, म्हणजे साठवायची जागा, संपतात, आणि मग चित्राचे तुकडे एकेका सपाट रंगाने भरून मोकळं व्हावं लागतं. तेच काकांचे पिवळे चौकोन. पाऊस, कारंजं, फटाके, लेझीम खेळणारी गर्दी यांचंही असंच होतं, पण सकाळच्या उन्हात हवेत गेलेला भंडारा या सगळ्यांचा बाप आहे.

पुतण्याचं म्हणणं होतं की यूट्यूबनेच क्वालिटी घालवली. यूट्यूब चढवलेली प्रत्येक फाइल पुन्हा दाबतं, हे खरं. कितीही चांगली फाइल द्या, लोकांना दिसते ती त्यांनी बनवलेली प्रत. पण मीडियाइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये पुतण्याची फाइल उघडल्यावर यूट्यूबच्या हातात जाण्याआधीच काय शिल्लक उरलं होतं ते दिसलं.

फाइलची वंशावळ अशी निघाली. मूळ टेपा मिनीडीव्हीच्या, म्हणजे हँडीकॅममधल्या छोट्या डिजिटल कॅसेट. त्या वेळी शहरातल्या एका दुकानातून तीन टेपांची मिळून एक डीव्हीडी करून घेतली होती. साडेतीन तासांचा मजकूर ४.७ जीबीच्या एका डिस्कवर कोंबला, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ मेगाबिट वाट्याला आले. मूळ टेपेवर हाच आकडा २५ आहे. डीव्हीडीवरून पुतण्याने कुठल्यातरी कन्व्हर्टरने ६४० बाय ३६० ची एमपी४ केली. ती घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, तिथे १६ एमबीत बसण्यासाठी पुन्हा दाबली गेली. मधल्या काळात पुतण्याचा फोन बदलला, मूळ एमपी४ गेली, म्हणून ग्रुपवरचीच उतरवून त्याने यूट्यूबवर चढवली. सहा मिनिटं आणि १६ एमबी म्हणजे सेकंदाला साडेतीनशे किलोबिट. टेपेवर होतं त्याच्या सत्तरावा भाग. टेपेची जुनी पद्धत उधळी होती आणि एच.२६४ ही हल्लीची दाबायची पद्धत फार हुशार आहे असं धरलं, तरी हुशारी सत्तर पट नसते.

आणखी एक घोळ आकाराचा. टेपेवरचं चित्र चारास तीन, कन्व्हर्टरने ते ताणून सोळास नऊ केलं. सगळं गाव आडवं सुटलेलं. काकी म्हणाल्या, "माझी सासू काटकुळी होती, हिथं पैलवान दिसूलीय."

पुतण्याने मधे एक उपाय करून पाहिला होता, तोही सांगायला हवा, कारण हल्ली सगळे आधी तिकडेच धावतात. एआयने चित्र मोठं आणि स्वच्छ करणारा प्रोग्राम त्याने त्या १६ एमबीच्या फाइलवर चालवला. चौकोन गेले, भंडाराही गेला. त्या जागी पिवळट धुकं आलं. माणसांचे चेहरे मेणाचे झाले. रथातल्या देवीचे डोळे तर प्रोग्रामने स्वतःच्या मनाने रेखले, आणि ते आमच्या देवीचे डोळे नव्हेत हे काकींनी एका नजरेत ओळखलं. असे प्रोग्राम चांगल्या मुळावर जपून वापरले तर मदत करतात. पण चिपाड पुन्हा चरकात घातल्याने रस निघत नाही. फाइलमधून जे गेलंय ते प्रोग्राम परत आणत नाही, तो अंदाजाने नवं काढतो. देवाच्या आणि गेलेल्या माणसांच्या चेहऱ्याबाबत अंदाज चालत नाहीत, असं माझं मत आहे.

म्हणून पहिला प्रश्न साधा होता: टेपा आहेत का?

टेपेपर्यंत परत

होत्या. लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. खानापूरपासून जांबोटी, कणकुंबीकडे जावं तसा पाऊस वाढत जातो आणि घरात चार महिने सगळ्याला ओल धरते, त्यामुळे आधी बुरशी पाहिली. कॅसेटच्या काचेतून टेपेच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती टेप कॅमेऱ्यात घालायचीच नाही. टेप वाचणारं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या टेपांनाही बुरशी लागते. या तिन्ही स्वच्छ निघाल्या. साड्यांनी ओल शोषली असावी.

काकांचा कॅमेरा मात्र बंद पडलेला, कॅसेटचं झाकण उघडतच नव्हतं. तशाच जातीचा दुसरा कॅमेरा ओळखीच्या फोटोग्राफरकडून उसना आणला. इथे बरेच जण एका गोष्टीला फसतात. या कॅमेऱ्यांना यूएसबीचं भोक असतं, वायर लावली की संगणकाला कॅमेरा सापडतो, आणि काम झालं असं वाटतं. बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत ते यूएसबी फोटो काढून घेण्यासाठी किंवा वेबकॅमसारखं बारकं चित्र देण्यासाठी असतं. टेपेवरचा मूळ मजकूर बाहेर येतो तो फायरवायर नावाच्या जोडणीने, जिच्यावर सोनीच्या कॅमेऱ्यात आय.लिंक असं लिहिलेलं असतं. नव्या लॅपटॉपला ते नसतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये त्याचं कार्ड बसवून भागतं.

फायरवायरने घेतलं की टेपेवरचे आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये उतरतात. मध्ये दाबणं नाही, रंग बदलणं नाही, काही नाही. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने टीव्हीसारखं चित्र काढून ते पुन्हा रेकॉर्ड केलं तर मात्र एक पिढी वाया जाते. दुकानातली डीव्हीडी तशी झाली होती, याचा पुरावा चित्रातच होता: कोपऱ्यात कॅमेऱ्याचा काउंटर आणि बॅटरीची खूण साडेतीन तास दिसत राहते. कॅमेऱ्यात पडद्यावरची अक्षरं टीव्हीकडेही पाठवायची सोय असते, ती बंद करायची राहून गेली. टेपेवर तसलं काही नव्हतं.

एका तासाच्या टेपेला एक तास लागतो, पुढे पळवता येत नाही, आणि फाइल साधारण १३ जीबीची होते. मजकूर उतरवून घ्यायला विनडीव्ही किंवा लिनक्सवरचं डीव्हीग्रॅब, दोन्ही फुकट, दोन्ही जुनाट, दोन्ही आपलं काम चोख करतात. वीज जाण्याचा भरवसा नसल्याने संगणकाला यूपीएस होता. पहिल्या टेपेत मध्येच चित्राचे ठोकळे उडाले. हेड साफ करायची कॅसेट काही सेकंद फिरवून पुन्हा घेतल्यावर ते गेले.

डीव्हीच्या टेपेवर प्रत्येक फ्रेमसोबत तारीख आणि वेळही नोंदलेली असते. काकांच्या कॅमेऱ्याची तारीख साफ चुकीची होती, कुणी लावलीच नव्हती, पण दोन दृश्यांतलं अंतर खरं असतं. सूर्योदयाला देवीच्या अक्षता पडल्या आणि रथ प्रत्यक्ष किती वेळाने हलला यावरचा गावातला वाद त्या नोंदीने मिटला. हे माझं काम नव्हतं, पण बैठकीत माझी पत वाढली ती यामुळेच.

एका फ्रेममध्ये दोन क्षण

जुन्या कॅमेऱ्याचं चित्र संगणकावर पाहिलं की हलत्या हाताला, उडत्या पदराला कंगव्यासारखे दाते दिसतात. हा दोष नाही, ती त्या काळची रीत आहे. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली. एकात सम ओळी, एकात विषम, आणि दोन्ही एकाच क्षणी टिपलेली नाहीत. दोहोंत सेकंदाचा पन्नासावा भाग गेलेला असतो. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० क्षण टेपेवर आहेत. जुन्या डब्बा टीव्हीवर ते पन्नासच्या पन्नास दिसत, म्हणून ती लेझीम डोळ्यांना सळसळती वाटायची.

यूट्यूबला असं दातेरी चित्र द्यायचं नसतं, पूर्ण फ्रेमच द्यायच्या, हे त्यांच्या शिफारशीतच आहे. प्रश्न दाते कसे काढायचे हा. बहुतेक प्रोग्राम दोन अर्धी चित्रं मिसळून किंवा एक फेकून २५ फ्रेम करतात. दाते जातात, आणि निम्मी हालचालही जाते. बरोबर पद्धत ही की प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम करायची आणि ५० फ्रेमची फाइल बनवायची. हँडब्रेक या प्रोग्राममध्ये डीइंटरलेसला (दाते काढण्याला) बॉब हा पर्याय निवडला की हेच होतं. एफएफएमपेगमध्ये बीडब्ल्यूडीआयएफ नावाचा फिल्टर आहे. याहून बारीक काम करणारा क्यूटीजीएमसी आहे, पण तो संगणकाला रात्रभर जागवतो.

अर्ध्या चित्रांतलं आधीचं कुठलं, हे सांगण्यात गफलत झाली की मजा होते. मिनीडीव्हीत खालची ओळ आधी असते, डीव्हीडीवर सहसा वरची. उलटं सांगितलं तर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरते. ओळखायला सोपं: ५० फ्रेमची फाइल एकेक फ्रेम पुढे करून पाहायची. ढोलावरची टिपरी खाली येताना मध्येच वर जात असेल तर क्रम उलटा आहे.

पुतण्याच्या फाइलचा सगळ्यात मोठा घात इथे झाला होता. दाते न काढताच त्याच्या कन्व्हर्टरने ५७६ ओळींच्या ३६० केल्या. दोन वेगळे क्षण एकमेकांत कायमचे कालवले गेले, आणि ते नंतर कुठल्याही फिल्टरने वेगळे होत नाहीत. दाते आधी, आकार नंतर. या एका क्रमाने निम्मी कामं वाचतात.

५७६ ओळी १४४० का करायच्या

हे काकांना पटायला वेळ लागला, आणि शंका योग्य होती. टेपेवर ५७६ ओळी आहेत, मग फाइल मोठी करून नवं काय मिळणार? चित्रात नवं काही मिळत नाही. मिळतं ते यूट्यूबच्या वागणुकीत.

यूट्यूबच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: ३६०, ४८०, ७२०, १०८०, १४४० असं वर. ५७६ ही पायरीच नाही, त्यामुळे तशी फाइल चढवली की प्रेक्षकाला ४८० मिळतं, म्हणजे ओळीही कापल्या जातात. दुसरं, सेकंदाला ५० फ्रेम ७२० आणि त्यावरच्याच पायऱ्यांना मिळतात. खाली राहिलात तर आत्ता जपलेली निम्मी हालचाल पुन्हा गेली. तिसरं, वरच्या पायरीला ते जास्त बिट देतात. त्यांच्या शिफारशीत चढवायच्या फाइलसाठी ५० फ्रेमला ७२० साठी सेकंदाला ७.५ मेगाबिट, १०८० साठी १२, १४४० साठी २४ असे आकडे आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या प्रतींतही चढण अशीच असते. शिवाय १४४० आणि वर सहसा व्हीपी९ ही जास्त काटकसरी पद्धत वापरली जाते, जी कमी पाहिल्या जाणाऱ्या १०८० च्या व्हिडिओला मिळेलच असं नाही.

लग्नाच्या साध्या टेपेला मी १०८० वर थांबतो. इथे भंडारा होता म्हणून १४४०.

आकाराचं गणित: टेपेवर ७२० बाय ५७६ ठिपके असतात, पण ते चौरस नसतात. दोन्ही कडांना आठ-आठ ठिपके जादा धरलेले असतात, ते कापले की ७०४ बाय ५७६ उरतं आणि ते चारास तीन दाखवायचं असतं. म्हणून १९२० बाय १४४०. सोळास नऊ करण्यासाठी बाजूंना काळ्या पट्ट्या भरून द्यायच्या नाहीत. यूट्यूबचा पडदा त्या स्वतःच दाखवतो, आणि फोन आडवा-उभा करताना भरलेल्या पट्ट्या नडतात.

संपूर्ण तास चढवून मग रडण्यापेक्षा मी सगळ्यात अवघड अर्धं मिनिट आधी चढवतो. अक्षता पडल्यावर देवीला उचलून खेळवतात आणि चारी बाजूंनी भंडारा उडतो, तो तुकडा. त्याच्या १०८० आणि १४४० अशा दोन प्रती प्रायव्हेट ठेवून चढवल्या आणि काकांच्याच घरच्या टीव्हीवर लावल्या. १०८० मध्ये चौकोन अजून पुसट होते. १४४० मध्ये भंडारा भंडाऱ्यासारखा होता. कण नाहीत, ते मूळ टेपेवरही नव्हते, पण लोट होता, त्याला कडा होती, आणि आतली माणसं ओळखू येत होती.

पिवळा आणि गोंगाट

रंगाची एक खुबी नीट सांभाळावी लागली. जुन्या चित्राचे रंग मोजायची पट्टी वेगळी, ६०१ नावाची. मोठ्या चित्राची ७०९. आकार वाढवताना ही पट्टी बदलून द्यावी लागते. नुसता आकार वाढवला तर टीव्ही जुने आकडे नव्या पट्टीने वाचतो, आणि लाल, हिरवे, पिवळे सगळे थोडे घसरतात. भंडारा किंचित चुकला तरी आमच्याकडे ते लगेच कळतं, आणि हिरव्या चोळखणाचा रंग तर बायकांना सांगायची गरजच नाही. काकींच्या नजरेला दोन्ही तुकडे लावले. चुकलेला त्यांनी ताबडतोब बाजूला काढला.

सकाळच्या उन्हातला भंडारा काही ठिकाणी पांढरा फटक दिसत होता. घरगुती डीव्ही कॅमेरे ठरलेल्या पांढऱ्याच्या वरही थोडं टिपून ठेवतात, आणि बहुतेक प्रोग्राम ते वरचं कापून टाकतात. दा विंची रिझॉल्व्ह या रंग सुधारायच्या प्रोग्राममध्ये उजळ भाग आधी थोडा खाली ओढला आणि मग बाकी कामं केली, तेव्हा त्या पांढऱ्यातून पिवळा परत आला. टेपेवर असलेलं परत मिळालं, इतकंच.

रात्रीचा भाग निराळा. ट्यूबलाइटच्या उजेडात भजन, गदग्यावर बसलेली देवी, ओट्या भरायची रांग. कॅमेऱ्याने अंधारात जोर लावल्यामुळे सगळीकडे दाणेदार गोंगाट. हा गोंगाटही दर फ्रेमला बदलतो, म्हणजे बिट खायच्या बाबतीत तो भंडाऱ्याचाच भाऊ. तो आधी सौम्यपणे कमी केला तर वाचलेले बिट चेहऱ्यांना मिळतात. म्हणून रात्रीच्या भागाला सौम्य फिल्टर लावला.

तोच फिल्टर सकाळच्या भागावर चालवून पाहिल्यावर त्याने भंडारा पुसला. त्याच्या दृष्टीने दर फ्रेमला जागा बदलणारे बारीक ठिपके म्हणजे गोंगाटच. या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच: पूर्ण फाइलला एकच औषध देता येत नाही. अक्षतांपासून रथ थांबेपर्यंत काहीही साफ केलं नाही, संध्याकाळपासून केलं, आणि मधल्या जेवणावळीला हात लावला नाही. पंगतीला काय साफ करायचंय?

धारही वाढवली नाही. शार्पनेस वाढवला की चेहऱ्यांभोवती पांढरी रेघ येते आणि दाबणाऱ्याला ती रेघही जपावी लागते.

आवाज

आवाजाबद्दल थोडकंच. टेपेवर १२ बिट, ३२ किलोहर्ट्झचा पर्याय चालू होता, पुष्कळ हँडीकॅमना तोच आपोआप असायचा. तो ४८ किलोहर्ट्झला आणून एएसी केला. हलगी जवळ आली की फाटलेला आवाज फाटलेलाच राहिला. यूट्यूब फार मोठा आवाज खाली आणतं, पण बारीक आवाज सहसा वर नेत नाही, म्हणून भजनाचा भाग आपणच वर घेतला.

पुतण्याला खाली सिनेमातलं भक्तिगीत घालायचं होतं. मी विरोध केला. एक तर हक्काचा दावा येऊन आवाज बंद होऊ शकतो किंवा जाहिराती दुसऱ्याच्या नावाने लागतात. दुसरं, टेपेवर काका कॅमेरा धरून ओरडताना ऐकू येतात, "सरका गा, रथ आला, पोरं आवरा!" त्याहून चांगली साथ कुठून आणणार?

चढवणं

शेवटची फाइल एमपी४, एच.२६४, सेकंदाला २४ मेगाबिटच्या आसपास. म्हणजे तासाला सुमारे ११ जीबी. गावातल्या मोबाइल डेटावर हे होणारं काम नाही. १० मेगाबिटची चढती लाइन असेल तर एका तासाच्या व्हिडिओला अडीच तास धरावे. शहरातल्या घरून रात्री लावलं. खात्याचा फोन नंबर पडताळलेला नसेल तर १५ मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढत नाही, ते आधी करून ठेवलं होतं.

व्हिडिओ अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा, ठेवला. चढल्या चढल्या यूट्यूब आधी बारक्या पायऱ्या तयार करतं, मोठ्या मागाहून येतात, वेळ लागतो. तेवढ्यात लिंक वाटली तर पहिले शंभर जण ३६० मध्ये पाहतात आणि "अजून तसंच हाय" असं लिहून मोकळे होतात. पूर्ण होईपर्यंत लिंक कुणालाच द्यायची नाही, हे पुतण्याला पाळायला सगळ्यात जड गेलं. सोबत एक ओळ लिहिली: फोनवर पाहताना सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी वर करा. डेटावर ऑटो असेल तर ते पुष्कळदा खालच्या पायरीवरच राहतं.

नाव मराठीत दिलं आणि खाली वर्णनात कन्नडमध्येही. गावात दोन्ही भाषांची घरं आहेत, रथाच्या दोराला दोन्हीकडचे हात असतात. सीमेचं भांडण यूट्यूबवर नेण्यात अर्थ नाही. वर्णनात वेळेचे टप्पे लिहिले: ०:०० पासून सुरुवात, मग अक्षता, होन्नाट (देवीला खेळवणं), रथ, गदगा. असे किमान तीन टप्पे दिले की पट्टीवर भाग पडतात आणि बैठकीतल्या माणसाला रथाचं वळण लगेच सापडतं.

अंगणातल्या बायकांच्या फुगड्यांचा भाग वगळला. तो काकींनी वेगळा, घरापुरता ठेवायला सांगितला. त्याची मूळ फाइल पुण्याच्या मुलीला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली. व्हिडिओ म्हणून पाठवला तर दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. टेपेवरून उतरलेल्या मूळ फाइली दोन डिस्कवर, एक गावात, एक पुण्यात. यूट्यूबवरची प्रत ही पाहण्यापुरती, ती पेटी नव्हे.

नव्या यात्रेला आता बरेच जण फोनवर काढणार. पुतण्याला एवढंच सांगून ठेवलंय: फोन आडवा, सेटिंगमध्ये २५ किंवा ५० फ्रेमची सोय असेल तर ती, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ३० वर काढलं की मांडवातले दिवे लुकलुकतात, आणि दर थोड्या वेळाने लेन्स मऊ फडक्याने पुसायची. भंडारा लेन्सवर बसला की कुठल्याच फिल्टरला तो निघत नाही.

तिसऱ्या टेपेचं काम अर्धवट आहे. टेपा संपत आल्या म्हणून काकांनी ती एलपीवर टाकली होती, म्हणजे तासाच्या टेपेवर दीड तास. त्यात देवी सीमेकडे निघते तो भाग आहे. एलपीच्या रेघा इतक्या अरुंद असतात की काढणाऱ्या कॅमेऱ्याशिवाय दुसऱ्याला त्या पुष्कळदा नीट वाचता येत नाहीत. उसन्या कॅमेऱ्यावर निम्मं चित्र ठोकळ्यांचंच आलं. तूर्त त्या भागासाठी डीव्हीडीतल्या व्हीओबी, म्हणजे डिस्कवरच्या मूळ व्हिडिओच्या, फाइली कन्व्हर्टरमध्ये न घालता सरळ उचलल्या, वरची ओळ आधी असं सांगून दाते काढले, आणि कोपऱ्यातला काउंटर तसाच ठेवला. तो झाकायला पट्टी लावली असती तर सीमेवरचा दगड झाकला गेला असता. काकांचा मूळ कॅमेरा कोल्हापूरच्या एका कारागिराकडे दुरुस्तीला दिलाय. झाकणाचा गिअर तुटलाय, त्याच मॉडेलचा मेलेला कॅमेरा मिळाला तर त्यातून काढून बसवता येईल असं तो म्हणतो. निपाणीला काकींच्या भावाकडे तसा एक आहे, अडाप्टर नसलेला. अडाप्टर नको, गिअरच हवाय, असं त्यांना कळवलंय.